शाळेच्या मोठ्या साहेबांचे कांदेपोहे

शाळेच्या फाटकाशी मॅग्नोलियाचं एक झाड आहे. अंगावर पान नाही, काही नाही, आणि मार्च लागला की नुसती फुलं. चिनी मातीचे कप कुणी फांद्यांवर उपडे वाळत घातलेत असं वाटावं. पहिल्या वर्षी मला हे झाड पटलं नव्हतं. आधी पालवी धरावी, मग फुलावं, ही झाडाची रीत. पण हे उलट्या डोक्याचं निघालं, आणि म्हणूनच नंतर आमचं जमलं.

काल ते पुन्हा फुललं. मी समोरच्या बसस्टॉपवर उभा राहून बघत होतो. गारा पडल्या, मग लख्ख ऊन पडलं, मग पुन्हा गारा. इथला मार्च असाच, एका दिवसात चार वेळा कोट काढायला लावतो आणि चार वेळा घालायला. आणि त्या गारांच्या वासात मला मोहरी तडतडल्याचा वास आला. आजूबाजूला मोहरी नव्हती, माणूसही नव्हता. पण वास आला तो आला. त्या वर्षीचा मार्च नाकात बसलाय, तो झाड फुललं की जागा होतो.

इंग्लंडातलं हे आमचं शहर लहान. कॉव्हेंट्रीहून बसनं यावं, एक कॅनॉल लागतो, एक चर्चचा मनोरा दिसतो, आणि उतरायला उशीर केला तर शहर संपतं. पण माणसं मात्र सगळ्या जगातली. मी इथं आलो तेव्हा बाजारात मिरची मिळत नव्हती. बोटीवर भटारखान्यात होतो, बोट सोडली आणि गाड्यांच्या कारखान्यात लागलो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीतले सगळे महिने नव्हे. त्याची मला लाज नाही. आता माझी नात रेवा ज्या शाळेत जाते तिथं पोलंडची, सोमालियाची, पंजाबची, केरळची, युक्रेनची पोरं एकाच रांगेत उभी असतात, आणि डब्यांची झाकणं उघडली की मला कारखान्याच्या कँटीनपेक्षा बोटीची आठवण येते. बंदराबंदराचा वास.

अशा सहा शाळांचा मिळून एक ट्रस्ट आहे. सहाही शाळांचे हेडमास्तर असतातच, पण त्यांच्यावर एक मोठा साहेब. जुने साहेब निवृत्त होऊन वेल्सला मधमाश्या पाळायला गेले. भला माणूस. त्यांनीच शुक्रवारचं टेबल सुरू केलं होतं. दर शुक्रवारी दुपारी आम्हा म्हाताऱ्यांनी शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये यायचं, मुलांबरोबर जेवायचं, गप्पा मारायच्या. बास, एवढंच. पण हे एवढंच किती होतं ते मला विचारा. बायको, आमची सुमन, गेल्यावर घरात दिवसा बोलायला फ्रिज होता. मुलगा कामावर, सून मानसी लॅपटॉपसमोर कानाला ते यंत्र लावून. सोमवारपासून मी शुक्रवारच्या शर्टाला इस्त्री करायला लागायचो. वाटाण्यांचा आणि ओल्या कोटांचा तो वास, काचेवर साचलेली वाफ, आणि दोनशे पोरांचा कालवा. त्या कालव्यात मला झोप फार छान लागायची, पण मी झोपत नसे. शेजारी हलिना बसायची.

हलिना म्हणजे पोलिश आजी. तिचा नातू टोमेक रेवाच्याच वर्गात. तिचं इंग्रजी माझ्या निम्म्यानं, आणि माझं कारखान्यातलं. तरी आमचं कधी अडलं नाही. तिला पिवळं काही चालत नाही. हळद म्हणजे रंगाचा डबा सांडला असंच तिला वाटतं. मी तिला केक आणल्याबद्दल थँक्यू म्हणायचो, ती मला माझ्या टोपीबद्दल हसायची. मैत्रीला याहून जास्त काय लागतं?

तर जुने साहेब गेले आणि नवा साहेब शोधायची वेळ आली. आलेले अर्ज चाळून दोघं उरले होते, एक बाई, एक बुवा. त्यांच्या मुलाखती गव्हर्नर लोक, म्हणजे ट्रस्टचं कारभारी मंडळ, घेणार होते, पण त्याआधी दोघांनी आम्हा पालक-आजीआजोबांच्या पॅनेलसमोर अर्धा-अर्धा तास बसायचं, असं ठरलं. त्या पॅनेलवर मला आणि हलिनाला बोलावलं.

"म्हणजे नक्की काय करायचं?" मी मानसीला विचारलं.

"त्यांना भेटायचं बाबा, प्रश्न विचारायचे, आणि तुमचं मत चेअरला सांगायचं. ते काही फायनल नसतं हां."

"म्हणजे बघायचा कार्यक्रम."

"अहो, इंटरव्ह्यू आहे तो."

"तेच. ते आपल्याला बघणार, आपण त्यांना बघणार, आणि हसून कुणी काही खरं सांगणार नाही. पोहे करावे लागतील."

मानसी पुण्याची. तिनं स्क्रीनवरून मान वर केली. "बाबा, तिथं चहा-बिस्किटं असतात."

"बिस्किटावर माणूस कळत नाही," मी म्हटलं. "कुणी खाल्लं काय, न खाल्लं काय. बिस्किट काही विचारत नाही माणसाला."

"मग करा. पण शेंगदाणे घालू नका. फाटकावर बोर्ड आहे, शाळेत आणायचे नाहीत. मुलांना अ‍ॅलर्जी असते."

बोर्ड मला माहीत होता. शेंगेचं चित्र आणि त्यावर लाल काट. रोज बघत होतो. पण तो पोरांसाठी, आणि कार्यक्रम शाळा सुटल्यावर, मोठ्या माणसांचा. पाहुण्यासमोर ठेवायचे पोहे, आणि त्यात शेंगदाणा नाही? आजारी माणसाला देतात तसे? आमच्याकडे बघायच्या कार्यक्रमात पोह्यांत दाणे कमी पडले तर त्या घराचं नाव निघायचं. मी मानसीला हो म्हटलं. घरात मी सगळ्यांना हो म्हणतो, त्यानं शांतता राहते.

सकाळी कढईत मोहरी तडतडली आणि आमच्या जिन्यातला धुराचा अलार्म ओरडायला लागला. तो माझ्या स्वयंपाकाला नेहमी टाळ्या वाजवतो. रेवा खुर्चीवर उभी राहून टॉवेल हलवत होती. "आजोबा, तुझा पोहे खूप नॉइझी आहे," म्हणाली. कढीपत्ता, कांदा, हिरवी मिरची, फ्रीझरमधलं खोबरं. मग दाणे टाकले, खमंग, लालसर. त्या वासानं मला घरापाठची आमराई दिसली. या दिवसांत आमच्याकडे शिमगा आणि आंब्याला मोहोर. इथं गारा आणि मॅग्नोलिया. पण आता काहीतरी सुरू होणार, हे दोन्हीकडे सारखंच.

पातेलं मांडीवर घेऊन बसमधून गेलो. ड्रायव्हर पंजाबी होता. म्हणाला, "अंकल, ये खुशबू का टिकट अलग लगेगा."

आधी बुवा आले. ज्युलियन नाव. उंच, दात सुंदर, बूट त्याहून सुंदर. मी प्लेट पुढे केली तशी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, पहिला घास घेऊन डोळे मिटले. "डिलिशस." दुसरी प्लेट स्वतः मागून घेतली. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. मला कृती विचारली. माझं गाव विचारलं. कोकणात कधीतरी जायचंच आहे म्हणाले.

हलिनानं तिच्या इंग्रजीत विचारलं, "फ्रायडे टेबल? स्टे?"

"अ‍ॅब्सोल्युटली," ज्युलियन म्हणाले.

एका आईनं विचारलं, दूरच्या मुलांना बस मिळेल का. अ‍ॅब्सोल्युटली. एका वडिलांनी विचारलं, आपापल्या भाषांचे वर्ग शनिवारी भरवता येतील का. अ‍ॅब्सोल्युटली. मी काही विचारलंच नाही. टेबल राहणार होतं, पोहे आवडले होते. मनातल्या मनात मी सुपारी फोडून मोकळा झालो.

मग बाई आल्या. रूथ. बुटक्या, केस पांढरे, कोटावर गारा वितळत होत्या, तशाच बसल्या. मी प्लेट ठेवली. त्यांनी चमचा उचलला, आणि थांबल्या. प्लेट नाकाशी नेली.

"यात शेंगदाणे आहेत?"

"आहेत," मी अभिमानानं सांगितलं. "भाजून घातलेत."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "हे टेबल उद्या कोण वापरतं?"

"मुलं. जेवायला."

"मग हे इथं नको," म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हसल्याही नाहीत. कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या, आणि सगळ्यांच्या प्लेटा गोळा करायला लागल्या. माझी सुद्धा, माझ्या हातातली. माझं पातेलं उचलून बाहेर मॅग्नोलियाखालच्या बाकावर नेऊन ठेवलं. आत येऊन विचारलं, फडकी कुठं असतात.

आता बघा, मी ऐंशीच्या घरातला माणूस. बोटीवर कप्तानानं माझ्या पातेल्याला हात लावला नाही. आणि माझ्या समाजासमोर, माझ्या शुक्रवारच्या हॉलमध्ये, एक उमेदवार बाई माझे पोहे उचलून बाहेर ठेवते. माझ्या कानांतून वाफ निघाली असणार. मी हाताची घडी घातली आणि ठरवलं, हिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. कायमचा.

तिचा अर्धा तास टेबलं पुसण्यात गेला. साबणाच्या पाण्यानं एकदा, साध्या पाण्यानं एकदा. हलिना उठून तिच्याबरोबर पुसायला लागली. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, की हलिनाचा चेहरा कागदासारखा झाला होता. तिनं पोहे खाल्ले नव्हते, पिवळे म्हणून बघितलेही नव्हते. टोमेकच्या दप्तरात एक इंजेक्शनचं पेन असतं, ते कशासाठी हे मी कधी विचारलं नव्हतं. आता तिनं रूथबाईंना सांगितलं, हातवारे करून. घसा असा बंद होतो, ओठ असे होतात. रूथ पुसता पुसता ऐकत होती.

मग हलिनानं तोच प्रश्न विचारला. "फ्रायडे टेबल. स्टे?"

"मला माहीत नाही," रूथ म्हणाली. "पैसे किती आहेत ते मी अजून बघितलेलं नाही. बंद करायची वेळ आली तर पत्र पाठवणार नाही, इथं येऊन तुमच्या तोंडावर सांगेन. भांडी कोण घासतं?"

कुणालाच माहीत नव्हतं. इतके शुक्रवार जेवलो, भांडी कोण घासतं ते ठाऊक नाही.

ती गेल्यावर गव्हर्नरांचे चेअर, माइक, आमची मतं घ्यायला आत आले. पालक बहुतेक ज्युलियनकडचे. हलिना एवढंच म्हणाली, "रूथ." माइक माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, आधी माझं पातेलं बघून येतो.

बाहेर ऊन पडलं होतं. पातेल्याच्या झाकणावर पाकळ्या पडल्या होत्या, त्यांत गारांचं पाणी साचलेलं. मी झाकण काढलं आणि तिथंच उभ्यानं गार पोहे खाल्ले. चांगलेच झाले होते. मला सुमनच्या घरचा कार्यक्रम आठवला. मी बोटीवरून रजेवर आलेलो, नवे कपडे, डोक्याला तेल. पोहे आले, मीठ जास्त. सोबतची सगळी मंडळी वाहवा करत होती. मी म्हटलं, खारट आहेत. अशी शांतता झाली की बाहेरची गाय ऐकू आली. आणि दाराआडून आवाज आला, "बोटीवरच्या माणसाला खारट लागतं होय? मग समुद्र कसा चालतो?"

मी त्या दाराशी लग्न केलं म्हणा. पुढची सगळी वर्षं सुमन मला नाही म्हणत राहिली. नाही, हा शर्ट नाही. नाही, त्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत. नाही, पोराला मारायचं नाही. ती गेल्यावर सगळे मला हो म्हणायला लागले. मुलगा हो म्हणतो, सून हो म्हणते, डॉक्टर हो म्हणतात. हो म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायला कुणी वेळ घालवत नाही.

टेबल मात्र डोळ्यांसमोरून हलेना. एकीकडे अ‍ॅब्सोल्युटली, म्हणजे शुक्रवार शाबूत. दुसरीकडे माहीत नाही, म्हणजे पुन्हा मी आणि फ्रिज. मी झाकण लावलं, पाकळ्या खिशात टाकल्या, का टाकल्या कोण जाणे, आणि आत आलो.

"त्या बाईशी मी बोलणार नाही," मी माइकना सांगितलं. "पण घ्यायची तर तिलाच घ्या."

माइकनी पेनचं टोपण काढलं. "कारण सांगाल?"

"तुमचा तो बुवा खाताना माझ्याकडे बघत होता. ती प्लेटीत बघत होती."

"बास?"

"बास. आणि लिहून ठेवा, पोह्यांत काही चूक नव्हती."

गव्हर्नरांनी नंतर दोन दिवस काय काय विचारलं, कुठली गणितं मांडली, ते मला माहीत नाही. माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यांचं ते बघून त्यांनी ठरवलं. पण रूथ आली. पोरांचंही एक पॅनेल होतं, त्यानं मात्र एकमतानं ज्युलियनला मत दिलं होतं. पोरांनी विचारलं होतं, शाळेत कुत्रा आणणार का. ज्युलियन म्हणाले, अ‍ॅब्सोल्युटली. रूथ म्हणाली, नाही, रविवारी त्याची शी कोण काढणार. रेवा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. अबोला आमच्या रक्तातच आहे.

सप्टेंबरात शाळा उघडली. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा एका शुक्रवारी रूथ आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पत्र नाही, काही नाही, स्वतः. म्हणाली, "बोलले होते तशी आले आहे. स्वयंपाकघरातल्या बाईंचे तास कमी करावे लागतायत. टेबल ठेवायचं तर भांडी घासायला माणूस नाही."

वाफेनं काचा पांढऱ्या झाल्या होत्या. मी हलिनाकडे तोंड केलं. "हलिना, तिला सांग, बोटीवर दीडशे माणसांची भांडी मी घासलीत."

हलिनानं रूथकडे वळून सांगितलं, "मॅन. शिप. मेनी प्लेट." आणि हवेत हात गोल गोल फिरवला.

"हलिना, त्यांना सांगा," रूथ म्हणाली, "एप्रन दाराच्या मागे आहे."

तेव्हापासून शुक्रवारी मी घासतो, हलिना पुसते. घरी मी कपसुद्धा विसळत नाही, हे मानसी सगळ्यांना सांगत असते. सांगू दे. तो सबंध हिवाळा मी आणि रूथ हलिनामार्फत बोललो. हलिना, तिला सांग नळ गळतो. हलिना, त्यांना सांगा प्लंबर बुधवारी येतोय. हलिनाचं इंग्रजी त्या एका हिवाळ्यात सुधारलं, ते आमच्या भांडणावर.

आणि मार्च आला. झाड फुललं. मी पोहे केले, वेगळ्या धुतलेल्या कढईत, दाणे न घालता. हलिना आली, टोमेक आला, दोघांनी डब्यात वाकून बघितलं. टोमेकनं दोनदा घेतले. त्याच्या ओठांना हळद लागली आणि हलिनानं ती रुमालानं पुसली, पिवळ्याला हात लावून, पहिल्यांदाच. मी सिंककडे तोंड करून उभा होतो. पाणी गरम होतं, डोळ्यांत वाफ गेली.

रूथनं प्लेट घेतली. आधी प्लेटीत बघितलं. मग खाल्लं, सावकाश, सगळं. आणि म्हणाली, "हलिना, त्यांना सांगा, छान आहेत. पण काहीतरी कमी आहे."

माझ्या हातातली प्लेट तशीच राहिली. वर्षभराचा अबोला, एवढा जपलेला.

"शेंगदाणे," मी म्हटलं. थेट तिला.

सगळा हॉल हसला, पोरंसुद्धा, कशाला हसतायत ते माहीत नसताना.

कालही शुक्रवार होता. गारा थांबल्यावर मी रस्ता ओलांडून फाटकापाशी गेलो. रूथ शाळा सुटल्यावर बाहेर आली, गाडीकडे निघालेली. आमची जागा ठरलेली आहे, फाटकाबाहेर, बोर्डाच्या पलीकडे, सार्वजनिक फुटपाथवर. कोटाच्या खिशातून मी भाजलेल्या दाण्यांची पुडी काढली. तिनं मूठभर घेतले, झाडाखाली उभी राहून खाल्ले, सालं हातावर चोळून फुंकून टाकली, आमच्याकडे टाकतात तशी. तेवढं मी शिकवलंय. डोक्यावर ती पांढरी फुलं, खाली ओला फुटपाथ, आणि आम्ही दोघं दोन चोरांसारखे. खाऊन झाल्यावर ती हात धुवायला तिच्या गाडीतली पाण्याची बाटली काढते. कोपरापर्यंत धुते, शाळेत थेट सोमवारीच यायचं असलं तरी.

"यंदा," मी विचारलं, "तुझ्या हॉलमध्ये, फक्त मोठ्या माणसांसाठी, चिमूटभर? पोहे अपुरे वाटतात."

दरवर्षी विचारतो. उत्तर मला माहीत असतं. तरी मी जरा पुढे वाकतो, कान तिच्याकडे करतो, कारण हल्ली ऐकू कमी येतं आणि तेवढा एक शब्द मला चुकवायचा नसतो.

रूथनं हात झटकले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "नाही."